खुबा दुसऱ्यांदा बदलताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या मेस्त्रीच्या दुकानी तासभर उभे राहिले, तर यंत्रशास्त्राचा एक धडा फुकट मिळतो. बरीच वर्षे राबलेले इंजिन उघडले की सिलिंडर आतून झिजलेला आढळतो. ही झीज सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे मूळचे गोल भोक किंचित लंबगोल झालेले असते. त्यात नुसता नवा पिस्टन घालून भागत नाही. मेस्त्री आधी सिलिंडर 'रिबोअर' करतो, म्हणजे आतून पुन्हा गोल कातून घेतो. मग मूळ मापापेक्षा वीस थाऊ, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर मोठा 'ओव्हरसाइज' पिस्टन बसवतो. काही वर्षांनी पुन्हा रिबोअर आणि आणखी मोठा पिस्टन. असे दोन-तीन वेळा झाले की कातायला भिंतच उरत नाही. मग आत नवी स्लीव्ह बसवून मूळ मापावर परत यावे लागते.

माणसाच्या शरीरात बसवलेला कृत्रिम खुबा निकामी होतो आणि तो काढून दुसरा बसवावा लागतो, तेव्हा शल्यविशारदापुढे जवळजवळ हीच अडचण उभी राहते. जुना सांधा काढताना त्याच्याभोवतीचे थोडे हाडही गेलेले असते. नवा सांधा कशाच्या आधाराने उभा करायचा हा पहिला प्रश्न. पण त्याआधीचा एक प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिला सांधा का निकामी झाला, हे कोणाला आणि कसे कळते? गेल्या साठ-सत्तर वर्षांत खुब्याच्या शस्त्रक्रियेत जी प्रगती झाली, ती बसवलेल्या सांध्यांपेक्षा बाहेर काढलेल्या सांध्यांकडून शिकून झाली आहे. हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे, आणि त्यातला एक अपुरा भाग आपल्या महाराष्ट्रातला आहे.

एका पायावरचा तराजू

शालेय पुस्तकांतून 'उखळीचा सांधा' म्हणून आपण खुबा शिकवतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला साधारण ४५ ते ५० मिलिमीटर व्यासाचा गोल असतो आणि तो कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. दोन्ही पृष्ठांवर कूर्चेचा थर असतो आणि मध्ये वंगणाचे काम करणारा द्रव. या जोडीचे घर्षण बर्फावर बर्फ घासण्यापेक्षाही कमी असते.

या सांध्यावर किती भार येतो? विद्यार्थी सहसा सांगतात : शरीराच्या वजनाच्या निम्मा. दोन्ही पायांवर स्थिर उभे असताना हे साधारण बरोबर आहे. पण चालताना प्रत्येक पावलागणिक असा क्षण येतो की सगळे शरीर एका पायावर तोललेले असते. त्या वेळी खुबा हा तरफेचा टेकू होतो. टेकूच्या आतल्या बाजूला शरीराचे वजन खाली ओढते, बाहेरच्या बाजूला कुल्ल्याचे स्नायू ओढून तोल सांभाळतात. वजनाची भुजा स्नायूंच्या भुजेच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून स्नायूंना वजनाच्या दुप्पट बल लावावे लागते आणि टेकूवर दोन्हींची बेरीज येते, म्हणजे वजनाच्या सुमारे तिप्पट. साठ किलो वजनाच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला एकशेऐंशी किलोंचा भार! ठेच लागून तोल गेला तर त्याहूनही पुष्कळ जास्त. बऱ्यापैकी चालणाऱ्या माणसाचा एक पाय वर्षाला साधारण दहा लाख पावले टाकतो. कृत्रिम सांध्याने हे सारे दुरुस्तीविना आणि तेलपाण्याविना वीस-तीस वर्षे सोसावे अशी आपली अपेक्षा असते.

हस्तिदंत, काच आणि कुरकुरणारा सांधा

सुरुवातीचे प्रयत्न धाडसी होते. बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. त्यांचे रुग्ण बहुधा सांध्याच्या क्षयाचे होते आणि जंतुसंसर्गाने बहुतेक प्रयत्न फसले. बोस्टनच्या मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये गोलावर काचेची टोपी चढवली. काच शरीराला मानवली, पण भाराखाली फुटली. १९३८ मध्ये त्यांनी काचेऐवजी कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचे मिश्रधातू वापरले. हे मिश्रधातू तोपर्यंत दंतवैद्यांच्या कामात रुळलेले होते. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी गोल आणि वाटी दोन्ही पोलादाची करून संपूर्ण सांधा बसवला.

१९४६ पासून पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा गोल बसवायला सुरुवात केली. रुग्णांचे दुखणे लगेच थांबे, त्यामुळे ही पद्धत झपाट्याने पसरली. पण काही वर्षांत गोल झिजू आणि सुटू लागले. असा सांधा बसवलेला एक रुग्ण इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांच्याकडे आला. हालचाल केली की त्याचा खुबा इतका कुरकुरे की त्याच्या पत्नीला जवळ बसणे नकोसे होई. इतरांनी या गोष्टीवर विनोद केला असता. चार्न्लींनी विचार केला की बिजागरी कुरकुरते तेव्हा घर्षण जास्त असते, आणि घर्षण जास्त असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर गोल आपल्या बुडख्यालाही पिळवटत असणार. म्हणजे सांधा सुटण्याचे मूळ घर्षणात आहे. उद्यमनगरातल्या कोणत्याही मेस्त्रीला पटेल असे हे निदान होते.

चार्न्लींची चूक आणि क्रेव्हनचे यंत्र

चार्न्ली लँकेशायरमधील रायटिंग्टन रुग्णालयात काम करीत. १९५८ च्या सुमारास त्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या. वाटीसाठी अत्यंत गुळगुळीत असे टेफ्लॉन, गोलासाठी पोलाद, आणि दोन्ही भाग हाडात पक्के बसवण्यासाठी दंतवैद्यकातील ॲक्रिलिकचे सिमेंट. या सिमेंटची वाट त्यांना मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी दाखवली. घर्षणाची पीळ कमी व्हावी म्हणून गोलाचा व्यास त्यांनी टप्प्याटप्प्याने कमी करत २२.२५ मिलिमीटरवर, म्हणजे पाऊण इंचाच्या थोडा वर आणला. सुमारे तीनशे रुग्णांना हे सांधे बसले. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली.

तीन-चार वर्षांतच हे सांधे सुटू लागले. टेफ्लॉन गुळगुळीत होते, पण भाराखाली फार वेगाने झिजत होते. सांधा उघडला की वाटीत खोल खड्डा पडलेला दिसे आणि सभोवती दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ साचलेला असे. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असे चार्न्लींनी गृहीत धरले होते. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे त्यांना आपल्याच रुग्णांच्या खुब्यांतून शिकावे लागले. चार्न्लींनी ही चूक लपवली नाही. ते रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करीत राहिले आणि जे दिसले ते नोंदवीत गेले. खुब्याच्या पुनर्शस्त्रक्रियेचा मोठ्या प्रमाणावरील पहिला अनुभव हाच.

पर्याय अनपेक्षित जागेवरून आला. लँकेशायर हा कापडगिरण्यांचा मुलूख, आपल्याकडच्या इचलकरंजीसारखा. मागांना लागणारे प्लॅस्टिकचे भाग विकणारा एक विक्रेता १९६२ च्या मे महिन्यात रायटिंग्टनच्या कार्यशाळेत अतिशय मोठ्या रेणूंच्या पॉलिएथिलिनचा तुकडा घेऊन आला. चार्न्लींनी तो नखाने दाबून पाहिला आणि वेळ वाया घालवू नका असे सांगितले. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र चालू ठेवले. टेफ्लॉन जितके एका दिवसात झिजे, त्यापेक्षा कमी झीज या प्लॅस्टिकची तीन आठवड्यांत झाली! चार्न्लींनी आकडे पाहिले आणि मत बदलले.

तरीही या वेळी त्यांनी घाई केली नाही. टेफ्लॉनचे आणि पॉलिएथिलिनचे कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी काही महिन्यांनी घट्ट गाठी जाणवू लागल्या, पॉलिएथिलिनच्या जागी त्या झाल्या नाहीत. नोव्हेंबर १९६२ पासून नवा सांधा बसू लागला, पण पुढची काही वर्षे चार्न्लींनी तो इतर शल्यविशारदांच्या हाती मोकळेपणाने दिला नाही. ज्यांना तो बसवायचा असेल त्यांनी आधी रायटिंग्टनला येऊन शिकावे, असा आग्रह धरला. आपल्या रुग्णांना ते आणखी एक विनंती करीत : तुमच्या निधनानंतर हा खुबा आम्हाला तपासायला द्या. अनेक रुग्णांनी ती मान्य केली.

पावलागणिक किती कण?

पॉलिएथिलिनची वाटी दहा-पंधरा वर्षे उत्तम चालली. नंतर क्ष-किरण चित्रांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. सांध्याभोवतीचे हाड वाळवी लागल्यासारखे पोखरले जात होते. प्रथम संशय सिमेंटवर गेला आणि या विकाराला 'सिमेंटचा रोग' असेच नाव पडले. म्हणून बिनसिमेंटचे, हाडात घट्ट ठोकून बसवायचे सांधे आले. त्यांचा पृष्ठभाग खडबडीत ठेवलेला असतो आणि हाड त्यात वाढून पकड घेते. पण हाड त्यांच्याभोवतीही पोखरले जाऊ लागले. सिमेंट निर्दोष सुटले असे नव्हे, पण मुख्य गुन्हेगार दुसराच होता : वाटीच्या झिजेतून निघणारी धूळ.

हिशेब वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. जुन्या पॉलिएथिलिनच्या वाटीत गोल वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर आत रुततो असे धरू. चार्न्लींच्या गोलाचा व्यास २२.२५ मिलिमीटर, म्हणून त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३९० चौरस मिलिमीटर. दोहोंचा गुणाकार ३९ घन मिलिमीटर, म्हणजे चण्याएवढेही प्लॅस्टिक नाही. पण ही झीज सूक्ष्म कणांच्या रूपात होते. कणाची बाजू अर्धा मायक्रोमीटर धरली, तर एका घन मिलिमीटरात आठशे कोटी कण होतात. वर्षाला दहा लाख पावले धरून भागाकार केला की उत्तर येते : प्रत्येक पावलाला सुमारे तीन लाख कण.

इंजिनातली किटाळ तेलाबरोबर वाहून जाते, गाळणीत अडकते आणि तेल बदलताना बाहेर पडते. शरीरात ही सोय नाही. तिथे भक्षकपेशी येतात आणि जंतू समजून हे कण गिळतात. प्लॅस्टिक त्यांना पचत नाही. त्या चिडल्यासारख्या रासायनिक संदेश सोडत राहतात आणि त्या संदेशांनी हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणजे हाड कणांमुळे घासून जात नाही, शरीर स्वतःच ते खाऊन टाकते. बहुतेकदा हे वर्षानुवर्षे न दुखता चालते. रुग्ण लंगडू लागतो तेव्हा पुष्कळ हाड गेलेले असते.

याच हिशेबात पुढची एक अडचण दडलेली आहे. गोल मोठा केला तर सांधा सहजासहजी निखळत नाही. पण ३२ मिलिमीटरच्या गोलाच्या छेदाचे क्षेत्रफळ २२.२५ च्या दुपटीहून अधिक, म्हणून तितकेच रुतल्यावर धूळही दुपटीहून अधिक. मोठा गोल हवा आणि धूळ नको, ही ओढाताण लक्षात ठेवावी. १९९० च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सार देऊन रेणू एकमेकांत गुंफलेले नवे पॉलिएथिलिन आले आणि त्याने झीज कितीतरी घटवली. पण तोपर्यंत बसलेल्या लाखो वाट्या जुन्याच होत्या.

दुसऱ्या खेपेची सामग्री

सगळ्या पुनर्शस्त्रक्रिया झिजेमुळे होतात असे नाही. सांधा वारंवार निखळणे, हाड मोडणे आणि जंतुसंसर्ग हीही मोठी कारणे आहेत. संसर्ग झाला असेल तर बहुधा दोन टप्प्यांत काम करतात. आधी सांधा काढून प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवायचा आणि संसर्ग गेल्याची खात्री पटल्यावर नवा सांधा. सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळण्याची कल्पना हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास रूढ केली.

कारण कोणतेही असो, जुना सांधा काढल्यावर किती हाड शिल्लक आहे ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पुरते कळते. म्हणून दुसऱ्या खेपेसाठी एक सांधा मागवून चालत नाही, अनेक मापांचा संच हाताशी ठेवावा लागतो. मेस्त्रीकडे जसे मूळ मापापासून वरचे पिस्टन असतात तसेच हे. अमेरिकेतील वेन पाप्रोस्की यांनी १९९० च्या दशकात हाडाच्या नुकसानीचे वर्गीकरण केले. कोणत्या नुकसानीला कोणता उपाय, हे त्यामुळे आधीच ठरवता येऊ लागले.

उपायांचे ढोबळ मार्ग तीन. पहिला ओव्हरसाइजचा. झिजलेली उखळ गोल करून घ्यायची आणि मूळच्या वाटीपेक्षा बरीच मोठी, सच्छिद्र धातूची वाटी ठोकून बसवायची. एका बाजूचे हाडच नाहीसे झाले असेल तर तिथे धातूची पाचर लावतात.

दुसरा मार्ग खराब हाड ओलांडून चांगल्या हाडापर्यंत जाण्याचा. जर्मनीच्या हाइन्त्स वाग्नर यांनी १९८७ मध्ये निमुळता, लांब टिटॅनियमचा दांडा आणला. त्याच्या अंगावर आठ उभ्या धारा असतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत तो पाचरेसारखा रुततो आणि धारांमुळे फिरत नाही. १९० पासून ३०५ मिलिमीटरपर्यंत लांबीचे हे दांडे मिळत. लांबच्या टोकाचा दांडा प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडाच्या निम्म्याहून अधिक लांब होतो! टिटॅनियमच का, याचे कारण मजेचे आहे. हाडाला भार मिळाला तर ते जाड होते, न मिळाला तर विरळ होते. तालमीत घुमणाऱ्या पैलवानाची हाडे आणि महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हाडे पाहिली की हे पटते. दांडा फार ताठ असेल तर सगळा भार तोच उचलतो आणि भोवतीचे हाड बेकार होऊन विरते. टिटॅनियमचा ताठपणा कोबाल्ट-क्रोमियमच्या सुमारे निम्मा, म्हणून ते हाडाला थोडे काम ठेवते.

तिसरा मार्ग गेलेले हाड परत उभे करण्याचा. हा मार्ग म्हणजे उद्यमनगरातली स्लीव्ह. नेदरलँड्समधील नायमेखेनचे स्लूफ यांनी उखळीसाठी आणि १९८७ पासून इंग्लंडमधील एक्झिटरच्या शल्यविशारदांनी मांडीच्या हाडासाठी ही पद्धत विकसित केली. दात्याच्या हाडाचे बारीक तुकडे पोकळीत ठासून भरायचे आणि त्यांत सिमेंट घालून सांधा बसवायचा. कालांतराने शरीर त्या तुकड्यांच्या जागी स्वतःचे हाड रचते. तुकडे कुठून येतात? पहिल्यांदा खुबा बदलताना रुग्णाचा काढलेला गोल एरवी टाकूनच दिला जातो. तो संमती घेऊन आणि तपासण्या करून जपला की दुसऱ्याच्या कामी येतो. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतीपेढी सुरू झाली. दान मिळालेली हाडे व इतर ऊती तिथे वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णालयांना पुरवल्या जाऊ लागल्या.

पुढे दांड्याचे सुटे भाग करून ते शस्त्रक्रियेच्या वेळी जोडण्याची सोय आली. लांबी, जाडी, कोन सारे ऐनवेळी ठरवता येऊ लागले. मात्र जिथे जोड, तिथे सूक्ष्म हालचाल आणि गंज, हेही अनुभवाला आले. २०१२ मध्ये जोडमानेचे दोन नमुने जगभरातून मागे घ्यावे लागले. सोयीबरोबर धूळ निघण्याची एक नवी जागाही आली होती.

स्वीडनची वही

टेफ्लॉनचा दोष चार्न्लींना तीन-चार वर्षांत कळला, कारण रुग्ण त्यांचेच होते आणि दोष मोठा होता. पण एखादा सांधा दुसऱ्यापेक्षा थोडासाच वाईट असेल तर? वर्षाला पंचवीस-तीस खुबे बदलणाऱ्या शल्यविशारदाला दोन रुग्ण परत आले तर तो आपल्याच हाताला दोष देईल. आणि रुग्ण दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला तर एवढेही कळणार नाही.

हे ओळखून स्वीडनने १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणाला, केव्हा, कोणता सांधा बसवला आणि तो पुढे बदलावा लागला का, एवढीच साधी नोंद. पण ती देशातल्या सर्व रुग्णालयांची. कोणते सांधे आणि कोणत्या पद्धती टिकतात हे काही वर्षांत आकड्यांतून दिसू लागले. शल्यविशारदांनी आपल्या सवयी बदलल्या आणि पुनर्शस्त्रक्रियांचे प्रमाण घटले. हे कोणत्याही नव्या धातूने झाले नव्हते, केवळ वही नीट ठेवल्याने झाले होते. नॉर्वे, फिनलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांनीही पुढे अशा वह्या ठेवल्या.

हरवलेले छत्तीसशे

आपल्याकडे खुब्याची शस्त्रक्रिया रुजवण्यात मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांच्यासारख्यांचा मोठा वाटा आहे. युरोपात खुबा बदलून घेणारे बहुसंख्य रुग्ण वार्धक्याने सांधा झिजलेले असतात. भारतात तरुण रुग्णांचे प्रमाण मोठे आहे. गोलाचा रक्तपुरवठा बंद पडून तो ढासळणे, मणक्यांबरोबर खुबेही जखडून टाकणारा संधिवात, जुनी मोडलेली हाडे अशी कारणे इथे जास्त आढळतात. पंचाहत्तराव्या वर्षी बसवलेला सांधा रुग्णाला बहुधा जन्मभर पुरतो. पस्तिसाव्या वर्षी बसवलेला पुरेलच असे नाही. शिवाय उकिडवे बसणे आणि मांडी घालणे ही आपली रोजची गरज. अशा रुग्णासाठी न निखळणारा मोठा गोल आणि कमी झीज दोन्ही हवे.

या गरजेवर उत्तर म्हणून धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोल ही जुनी कल्पना नव्याने पुढे आली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या उपकंपनीचा 'एएसआर' हा सांधा त्यांपैकी एक. २००३ पासून तो जगात विकला जाऊ लागला आणि भारतातही आला. त्याची वाटी उथळ होती. ती जरा तिरकी बसली की भार वाटीच्या काठावर येई. काठावर वंगण टिकत नाही, धातूवर धातू घासतो आणि कोबाल्ट-क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण व आयन ऊतींत आणि रक्तात उतरतात. काही रुग्णांत सांध्याभोवतीचे स्नायू सडले, गाठी झाल्या.

हे प्रथम आकड्यांतून लक्षात आणून दिले ते ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने, २००७ मध्ये. २००९ च्या अखेरीस तिथे हा सांधा बाजारातून गेला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोवर सुमारे ९३ हजार सांधे बसलेले होते. पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना तो बदलावा लागतो, अशी आकडेवारी तेव्हा जाहीर झाली.

भारतात काय झाले? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी करून २०११ मध्ये मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ मध्ये तिचा अहवाल आला. देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता. त्यांपैकी जेमतेम १,०८० रुग्णांचा पत्ता लागला. उरलेले ३,६०० हून अधिक रुग्ण कुठे आहेत, हे कोणालाच सांगता आले नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र जाहीर केले. ते न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये कंपनीने पुनर्शस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी दाखवली.

भरपाईचा वाद आपण बाजूला ठेवू आणि फक्त एक गुणाकार करू. ३,६०० चे १२ टक्के म्हणजे ४३२. सांधा मागे घेताना जाहीर झालेला दर लावला, तर पत्ता न लागलेल्या किमान चारशे माणसांचा खुबा पाच वर्षांतच बिघडला असणार. यातला कोणी आपल्या शेजारी राहत असेल. पाय दुखतो तो वयामुळे, असे तो समजत असेल. ज्यांना दुखत नाही, त्यांच्याही रक्ताची आणि सांध्याची तपासणी होणे आवश्यक होते. पण ज्याला निरोप पोचत नाही तो तपासणीला येणार कसा?

तेव्हापासून काही पावले पडली आहेत. वैद्यकीय साधनांमुळे झालेल्या अपायांच्या नोंदीसाठी जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय साधनांचे स्वतंत्र नियम लागू झाले. खुबे आणि गुडघे बदलणाऱ्या शल्यविशारदांच्या भारतीय संघटनेने त्याआधीच स्वतःची नोंदवही सुरू केली होती. मात्र ती ऐच्छिक आहे, आणि नोंद ऐच्छिक असली की ज्यांचे निकाल नोंदवायला हवेत नेमके तेच बाहेर राहण्याची शक्यता असते.

एक चिकटपट्टी

कृत्रिम सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छोट्या चिकटपट्ट्या असतात. त्यांवर भागाचे नाव, माप आणि उत्पादनाचा तुकडी-क्रमांक छापलेला असतो. एक पट्टी रुग्णालयाच्या कागदांत लावायची आणि एक रुग्णाला द्यायची, अशी ही सोय. उद्या त्या तुकडीत दोष निघाला तर रुग्ण शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ही पट्टी. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही ती मोलाची असते. आत कोणता दांडा आहे हे माहीत असेल तर तो काढण्याची नेमकी अवजारे आणि त्याला जुळणारा गोल मागवता येतो. माहीत नसेल तर क्ष-किरण चित्रावरून अंदाज बांधावा लागतो, आणि धडका सांधा केवळ न जुळल्यामुळे काढावा लागू शकतो. त्याबरोबर पुन्हा थोडे हाड जाते.

उद्यमनगरात रिबोअरला आलेल्या इंजिनाच्या अंगावर कंपनीची पट्टी असते. त्यावरचा नंबर वाचल्याशिवाय मेस्त्री सुट्या भागांना हात घालत नाही. विद्यार्थ्यांना ही तुलना सांगावी आणि एक गृहपाठ द्यावा. घरात किंवा शेजारी कोणाचा खुबा किंवा गुडघा बदललेला असेल, कोणाच्या हाडात पट्टी असेल, तर त्यांच्याकडे ती चिकटपट्टी आहे का ते विचारून यायचे. नसेल तर रुग्णालयातून शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्यायला सांगायचे, आणि ती रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायला सांगायचे.